स्कोन

मैदा वा बारीक कणीक, लोणी, दूध व बेकिंग पावडर यांपासून तयार केलेला, पाव व केक यांच्या दरम्यानच्या पोताचा एक भाजीव पदार्थ. तो मूळचा स्कॉटलंडमधील असून तेथे पूर्वी ओट किंवा बार्लीच्या पिठाची जाड, चपटी भाकरी तव्यावर भाजून तिचे त्रिकोणी तुकडे करीत. भट्टीत फुगविलेला स्कोन एकोणिसाव्या शतकात बेकिंग पावडर प्रचारात आल्यावर रूढ झाला. त्यात यीस्ट नसल्याने पीठ आंबविण्याचा वेळ वाचतो आणि न्याहरीसाठी तो अर्ध्यापाऊण तासात तयार होतो.

फळयुक्त स्कोनमध्ये बहुधा ताजी फळे नसून बेदाणे असतात. याचे कारण सातारा व सांगली या शेजारच्या जिल्ह्यांतील दोन फळांच्या तुलनेने स्पष्ट होईल. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत सु. ९०% पाणी असते. भाजताना ते सुटून फळाभोवतीचे पीठ चिकट व कच्चट राहते. म्हणून स्ट्रॉबेरीचा जॅम करून तो स्कोनवर लावणेच इष्ट. तासगाव परिसरात बीरहित द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या विद्रावात बुडवून जाळ्यांवर सावलीत सु. दोन आठवडे वाळवितात. विद्रावामुळे सालीवरील मेणाच्या थरातून पाणी लवकर निघून जाते व बेदाण्यात ते सु. १५% उरते. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र कोरडा बेदाणा पिठातील ओल शोषून घेतो. यास्तव तो दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, निथळून व पुसून वापरावा.

साधारणतः २५० ग्रॅ. मैद्यास तीन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ५० ग्रॅ. थंड लोणी, २५ ग्रॅ. साखर, ५० ग्रॅ. बेदाणे व सु. १५० मिलि. दूध लागते. अंडे आवश्यक नाही. कोरड्या मैद्यात बेकिंग पावडर व मीठ मिसळून लोणी बोटांच्या टोकांनी रव्यासारखे चोळतात. नंतर साखर व बेदाणे मिसळून दूध घालतात व गोळा जेमतेम एकत्र आणतात. लोण्याच्या लेपामुळे ग्लुटेनचे जाळे कमी बनते व पोत भुसभुशीत राहतो. पोळीच्या कणकेप्रमाणे मळल्यास ग्लुटेन बळकट होऊन स्कोन चिवट होतो. आपल्याकडे घरी केलेला स्कोन बिघडतो तो बहुधा या मळण्याच्या सवयीमुळेच. बेकिंग पावडरमधील सोडा व आम्लधर्मी द्रव्य यांच्या विक्रियेने ओल लागताच कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटू लागतो. म्हणून गोळा ठेवून न देता लगेच २ सेंमी. जाड थापून, वाटीने कापून २२०° से. तापमानास १२ ते १५ मिनिटे भाजावा. कापताना वाटी फिरवू नये. कडा दबून स्कोन वाकडा फुगतो. दूध व बेकिंग पावडर यांऐवजी आंबट ताक व अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा चालतो. सोडा अधिक झाल्यास चव साबणासारखी लागते.

भट्टी नसल्यास निम्म्या जाडीचे स्कोन जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजतात. ही पद्धत दुय्यम नव्हे. किंबहुना तीच मूळची होय. स्कोन त्याच दिवशी खावेत. शिळे झाल्यास मधोमध फोडून तव्यावर शेकावेत.