दिव्यांगांचे अर्थसाहाय्य आणि स्वतःची बाजू मांडण्याचा हक्क

कल्याणकारी राज्यात एखादी योजना जाहीर होणे आणि तिचा लाभ गरजू व्यक्तीच्या हाती पडणे, या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर असते. अर्ज, दाखले, तपासणी, पडताळणी आणि मंजुरी असे अनेक टप्पे या वाटेवर असतात. धडधाकट माणसालाही ते दमवितात. ज्याला चालता येत नाही, ऐकू येत नाही, छापील मजकूर वाचता येत नाही किंवा एकापाठोपाठ चार प्रश्न विचारले असता जो गोंधळून जातो, त्याला तर याच टप्प्यांवर योजनेचे दार बंद झाल्यासारखे वाटू लागते.

सरकारी कचेऱ्यांतून एक दृश्य नेहमी दिसते. विशी ओलांडलेला तरुण वडिलांबरोबर येतो. कर्मचारी वडिलांकडे पाहून विचारतो, “याला स्वतःचे कपडे घालता येतात का?” वडील उत्तर देतात. पुढचा प्रश्नही वडिलांनाच असतो. अर्जावर नाव तरुणाचे, अनुदान जमा होणार तेही त्याच्याच खात्यात. परंतु त्याच्याशी कोणी बोलत नाही. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. कर्मचाऱ्याला रांग पुढे सरकवायची असते आणि वडिलांना मुलाचा त्रास वाचवायचा असतो. तथापि ज्याला आपली अडचण सर्वांत अधिक ठाऊक आहे, त्याचेच म्हणणे नोंदले जात नाही, ही यातील मोठी उणीव होय.

हक्काची कल्पना कशी रुजली

दिव्यांगांसंबंधीचे निर्णय त्यांना विचारून व्हावेत, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर बळावला. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९७४ साली बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींनी स्वतःच संघटित होऊन ‘पीपल फर्स्ट’ हे नाव धारण केले. आम्ही आधी माणसे आहोत, दिव्यांगत्व त्यानंतर, असा त्या नावाचा आशय होता. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीची सनद स्वीकारली. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तिला अनुसमर्थन दिले. या सनदेचे बारावे कलम विशेष महत्त्वाचे आहे. दिव्यांग व्यक्ती ही कायद्यासमोर इतरांच्या बरोबरीने निर्णयक्षम मानावी आणि निर्णय घेण्यासाठी लागणारे साहाय्य राज्याने तिला मिळवून द्यावे, असे त्यात म्हटले आहे.

आपल्या देशात १९९५ चा अधिनियम मागे पडून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसपर्यंत वाढविले. सनदेतील विचाराला त्याने आपल्या कायद्यात जागा दिली, हे त्याचे दुसरे वैशिष्ट्य होय.

साहाय्याची चौकट

अर्थसाहाय्याची व्यवस्था एकाच ठिकाणी नाही, ती केंद्र आणि राज्य यांत विभागलेली आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील, ८० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीस केंद्राकडून दरमहा ३०० रुपये मिळतात. राज्ये त्यात आपली भर घालतात अथवा स्वतंत्र योजना चालवितात. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, तर महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना असून तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे.

या सर्वांची किल्ली म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्र. १ जून २०२१ पासून ते केवळ ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळाद्वारेच दिले जाते आणि त्याबरोबर वैश्विक ओळखपत्र मिळते. हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. निवृत्तिवेतन मात्र त्या त्या राज्यातील वास्तव्याच्या अटीवर अवलंबून असते. बेळगाव, सावंतवाडी आणि पेडणे अशा टापूंत ज्यांचे नातेसंबंध सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेले आहेत, अशा कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बिऱ्हाड हलविले तर प्रमाणपत्र सोबत येते, अनुदान आपोआप येत नाही.

तपासणीच्या वेळी काय घडते

बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक धरले जाते. हा आकडा ठरविण्याच्या पद्धती प्रकारानुसार भिन्न आहेत. सांध्यांची हालचाल, दृष्टी अथवा श्रवण यांचे मोजमाप उपकरणांनी होते, तेथे बोलण्याने फारसा फरक पडत नाही. मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली मापनश्रेणी वापरतात. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संभाषण व आकलन आणि कामधंदा या चार अंगांनी व्यक्तीची स्थिती पाहून, आजाराचा कालावधीही त्यात धरला जातो. बौद्धिक दिव्यांगत्वातही बुद्ध्यंकासमवेत दैनंदिन व्यवहारातील सामाजिक परिपक्वता पाहतात. अशा ठिकाणी रोजच्या जीवनाचे वर्णन हाच पुरावा असतो, आणि ते वर्णन कोण करतो व कसे करतो यावर बरेच अवलंबून असते.

येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिली चूक संकोचाची. अनोळखी माणसासमोर स्नानाची वा शौचाची अडचण सांगणे कोणासही लाजिरवाणे वाटते. “सर्व जमते” असे उत्तर सहज दिले जाते आणि तसेच नोंदले जाते. मानसिक आजारात तर तपासणीचा दिवस नेमका बरा असू शकतो. त्या दिवशी नीटनेटके कपडे घालून आलेला माणूस महिन्यातील दहा दिवस अंथरुणातून उठू शकत नाही, हे कोणी सांगितल्यावाचून मंडळास कळावे कसे?

दुसरी चूक याच्या उलट असते. अनुदान मिळावे म्हणून नातेवाईक त्या व्यक्तीदेखत “याला काहीच येत नाही” असे सांगून मोकळे होतात. ते खरे नसते. पण त्याचा घाव मात्र कायमचा राहतो, आणि पुढे शिक्षणाची वा नोकरीची गोष्ट निघाली म्हणजे तेच शब्द आड येतात.

साहाय्यकाचे काम

या दोहोंवरील उपाय म्हणजे पूर्वतयारी, आणि साहाय्यकाचे खरे काम तेथेच आहे. तपासणीपूर्वी आठवडाभर एक साधी टाचणवही ठेवावी. कोणते काम स्वतः होते, कोणते साहाय्याने होते, त्यास किती वेळ लागतो, वाईट दिवशी काय होते आणि असे दिवस महिन्यात किती येतात, हे त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहून घ्यावे. लिहिता येत नसल्यास चित्रे वा छायाचित्रे चालतात. जुने केसपेपर तारखेच्या क्रमाने लावावेत. संभाव्य प्रश्न घरी एकदोनदा विचारून पाहावेत. कर्णबधिर व्यक्तीस दुभाषा हवा असल्यास तसे रुग्णालयास आधी लेखी कळवावे. काणकोण वा सत्तरीसारख्या तालुक्याच्या आतल्या गावातून येणाऱ्याचा अख्खा दिवस मोडतो, म्हणून एका कागदापायी फेरी फुकट जाऊ नये इतकी काळजी घेतलेली बरी.

प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी साहाय्यकाने शेजारी बसावे. प्रश्न आपल्याकडे आला तर नम्रपणे तो संबंधित व्यक्तीकडे वळवावा. उत्तरास वेळ लागत असेल तर थांबावे. तिने विचारल्यासच भर घालावी, आणि आपले मत वेगळे असल्यास ते आपले म्हणून सांगावे. बोलू न शकणारी व्यक्तीही मान हलवून, बोट दाखवून वा नजरेने होकार-नकार देऊ शकते. ती खूण ओळखून मंडळास समजावून देणे हेही साहाय्यच होय.

अधिनियमाच्या तेराव्या कलमाने याला कायद्याचा आधार दिला आहे. साहाय्य करणाऱ्याने दडपण आणू नये, तसेच त्या व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा व खाजगीपणा जपावा असे ते सांगते. पैशाच्या वा मालमत्तेच्या व्यवहारात साहाय्यकाचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असेल तर त्या व्यवहारापुरते त्याने दूर राहावयाचे आहे. दिव्यांग व्यक्तीला साहाय्यक बदलण्याचाही अधिकार आहे, मग तो साहाय्यक सख्खा भाऊ का असेना.

अडतिसाव्या कलमानुसार ज्यांना अधिक आधाराची गरज आहे, असे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले नागरिक स्वतः वा कोणामार्फत त्यासाठी अर्ज करू शकतात. अशा आधाराच्या व्याख्येत दैनंदिन कामांबरोबरच स्वतंत्रपणे व समजून-उमजून निर्णय घेण्यासाठी लागणारे साहाय्यही धरले आहे. येथे गरजेचा विचार पहिल्यांदा व्यक्ती स्वतःच करते, हे लक्षणीय आहे.

पालकत्वाची घाई नको

मूल अठरा वर्षांचे झाले की बँकेतील खात्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा, असा सल्ला आईवडिलांना सर्रास दिला जातो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकाची नेमणूक होऊ शकते, आणि काही जणांना तिची आवश्यकताही असते. परंतु २०१६ च्या अधिनियमाची भूमिका अशी की, पुरेसे साहाय्य देऊनही कायदेशीर निर्णय घेणे अशक्य ठरले तरच पालकाचा विचार व्हावा. तोही मर्यादित, म्हणजे विशिष्ट निर्णयासाठी व विशिष्ट काळापुरता असावा, आणि त्याने संबंधित व्यक्तीच्या इच्छेनुसार, तिच्याशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावेत. केवळ सही जमत नाही हे पालक नेमण्याचे कारण होऊ शकत नाही. हाताचा, आणि तो शक्य नसल्यास पायाचा अंगठा दोन साक्षीदारांच्या ओळखीने बँकेने स्वीकारावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

नकार आल्यास

नकार म्हणजे शेवट नव्हे. तो लेखी व कारणांसह मागून घ्यावा. प्रमाणपत्र अथवा टक्केवारी मान्य नसेल तर एकोणसाठाव्या कलमान्वये विहित मुदतीत अपील करता येते. अर्ज कोणाच्या टेबलावर अडला आहे हे कळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली विचारणा करावी; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. याउपर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांनी शिफारस केल्यास संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांच्या आत कार्यवाही कळवावयाची असते, आणि शिफारस मान्य नसल्यास त्याची कारणे द्यावयाची असतात. तक्रारीत राग असला तरी हरकत नाही. तारखा, अर्जाचा क्रमांक आणि नेमकी मागणी या तीन गोष्टी मात्र त्यात असल्याच पाहिजेत.

सर्वांचीच जबाबदारी

ही सर्व जबाबदारी दिव्यांग व्यक्तीवर ढकलून प्रशासनास मोकळे होता येणार नाही. सोप्या भाषेतील अर्ज, उतरत्या वाटेचा प्रवेश, बसावयास जागा आणि धीराने ऐकणारा कर्मचारी नसेल, तर हक्क कागदावरच राहील. पंचायतीचे सदस्य, अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि महिला मंडळे यांनी आपापल्या वाड्यावरील एकेका व्यक्तीस वर म्हटल्याप्रमाणे तयारी करविली तरी पुष्कळ काम होईल. अनुभवी दिव्यांग व्यक्ती यात अधिक उपयोगी पडते, कारण ती स्वतः त्या वाटेने गेलेली असते.

कचेरीतील त्या तरुणाकडे पुन्हा वळावयाचे तर, कर्मचाऱ्याने खुर्ची थोडी वळवून प्रश्न त्यालाच विचारावा. उत्तर येण्यास दोन मिनिटे अधिक लागतील. वडील शेजारी आहेतच. त्याने सांगावे, “शर्ट घालता येतो, बटणे लावता येत नाहीत.” अर्जात लिहावयाची नेमकी माहिती तीच असते, आणि ती त्याच्याइतकी बिनचूक दुसरा कोणी देऊ शकत नाही.