पंख गाळून बसलेले पिलू

आजारी पिलासाठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या बोलीत शब्द पुष्कळ आहेत. पिलू मलूल झाले, पेंगते आहे, गळाठले, पंख गाळून बसले. दृश्य मात्र एकच असते. डोळे अर्धवट मिटलेले, अंगावरची लव फुललेली, पंख खाली ओघळलेले. आणि बाकीची पिले दाण्याकडे धावत असताना हे एक जागचे हलत नाही. या दृश्यामागे डझनभर कारणे असू शकतात. तरीही पहिल्या आठवड्यातल्या पिलाच्या बाबतीत उपचाराचा क्रम जवळजवळ ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा, आणि औषध कारण कळल्यावरच. घाबरलेला माणूस बहुधा नेमका उलट्या टोकाने सुरू करतो. हा क्रम असाच का, याचे उत्तर पिलाच्या शरीररचनेत आहे.

कोंबडीचे अंडे उबायला २१ दिवस लागतात. कवच फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला पिवळा बलक नाभीवाटे पिलाच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर पिलू दोन ते तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरते. म्हणूनच उबवणी केंद्रातली एक दिवसाची पिले खोक्यांत घालून दूरवर पाठवता येतात. पोटात शिदोरी असली तरी अंगात पुरेशी ऊब नसते. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. नवजात पिलाचे त्याहून थोडे कमी असते, आणि तेही स्वतःच्या बळावर टिकवणे त्याला पहिले दोन-तीन आठवडे नीट जमत नाही. अंगावर पिसे नाहीत, नुसती लव आहे. देह एवढासा, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते.

परसातल्या खुराड्यात ही उणीव खुडूक कोंबडी भरून काढते. तिच्या पोटावरची पिसे विरळ होतात आणि उघडी त्वचा आधी अंड्यांना, मग पिलांना टेकते. पिले थोडा वेळ चरतात, गारठली की कर्कश चिवचिवाट करतात. कोंबडी पंख पसरून बसते आणि ती पोटाखाली शिरतात. ब्रूडर म्हणजे या पोटाची नक्कल: पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कुंपण, खाली भाताचे तूस, वर बल्ब. पण कोंबडी पिलाची हाक ऐकते, बल्ब ऐकत नाही. ते ऐकण्याचे काम माणसाकडे येते.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश तापमान हवे. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ते उतरवायचे. मात्र तापमापकापेक्षा पिलेच अधिक खरे सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर ऊब कमी आहे. कडेला जाऊन चोची उघड्या टाकून धापा टाकत असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतो आहे. सर्वत्र पांगून काही खात, काही झोपत असतील तर ठीक चालले आहे. जुना पिवळा बल्ब काढून एलईडी लावला तर उजेड तेवढाच पडतो, ऊब मात्र जवळजवळ नाहीशी होते. दिवाळीनंतरच्या थंडीत रात्री वीज गेली की काही जण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. तिच्या विषारी वायूने पिलेच नव्हे, माणसेही दगावू शकतात. हवा खेळती ठेवल्याशिवाय शेगडी नको.

मलूल पिलू हाती घेतले की आधी त्याचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. गार लागले तर बाकी सारे थांबवून त्याला ऊब द्यावी: ओंजळीत, मग छोट्या खोक्यात, ज्याच्या एका टोकाला बल्ब आहे आणि दुसरे टोक मोकळे आहे, म्हणजे गरम झाल्यावर त्याला सरकता येईल. ते मान धरू लागले की कोमट पाण्यात किंचित गूळ किंवा ग्लुकोज विरघळवून एकेक थेंब चोचीच्या कडेला लावावा. घशात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते आणि पिलू गुदमरते. दाणा शेवटी. गारठलेल्या पिलाचे पचन मंदावलेले असते. कोंबलेला भरडा गळ्याखालच्या पिशवीत तसाच पडून राहतो. ही पिशवी बोटाने हलके चाचपली की बरेच कळते. मऊ आणि भरलेली असेल तर पिलू खाते-पिते आहे. कडक असेल तर पाणी कमी पडले. रिकामी असेल तर त्याला भांड्यापर्यंत पोहोचताच आलेले नाही.

ऊब मिळाल्यावर कारण शोधायचे. शेपटीखाली वाळलेली विष्ठा चिकटून मार्ग बंद झाला असेल तर कोमट ओल्या कापडाने भिजवून सोडवावी. ओढल्यास कातडी सोलते. नाभी ओली, दुर्गंधीयुक्त आणि पोट फुगलेले असेल तर तो जंतुसंसर्ग उबवणीच्या काळातलाच असतो. पांढऱ्या हगवणीचा पुलोरम रोग तर त्याही आधीचा: अमेरिकी जंतुशास्त्रज्ञ लिओ रेट्गर यांनी १९०० साली वर्णिलेला हा रोग बाधित कोंबडीच्या अंड्यातूनच पिलात उतरतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास विष्ठेत रक्त दिसले तर ओल्या तुसात फोफावणाऱ्या कॉक्सिडिओसिसचा संशय घ्यावा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, झाल्यावर त्यावर इलाज नाही. पहिल्या आठवड्यातली लस हाच बचाव.

येथे मोजदाद महत्त्वाची. शंभरात एक पिलू मलूल असेल तर दोष बहुधा त्या पिलात. दहा असतील तर ऊब, पाणी, तूस किंवा रोग यांत. एकाएकी अनेक मेली तर एक-दोन मेलेली पिले पिशवीत बांधून, शक्य तो त्याच दिवशी, पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्यावीत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा शेजारच्या खुराड्यातली मरही कळवणे का गरजेचे, हे राज्याला कळले. कारण न कळता प्रतिजैविके पाजण्याची किंमत माणसालाही मोजावी लागते. माणसाच्या उपचारात अखेरच्या आधाराचे कोलिस्टिन पशुपक्ष्यांसाठी वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

अशक्त पिलाला इतर पिले टोचतात, म्हणून त्याला वेगळे करावे. पण एकटे पडलेले पिलू ओरडून आणखी दमते. मध्ये जाळी लावून त्याला इतरांच्या नजरेसमोर, त्याच उबेत ठेवावे. ऊब आणि पाणी मिळूनही तास-दोन तासांत ते मान उचलत नसेल तर पशुवैद्याला दाखवावे. आणि तोवर ब्रूडरमधल्या बाकीच्या पिलांचे पाय गालाला लावून पाहावेत. त्यांतली दोन-चारही गार लागली तर बल्ब त्याच रात्री खाली घ्यायला हवा.