पट्टा पडला, आता जयंतीच्या तयारीला लागा

फाल्गुन सरू लागला की साखर कारखान्यांचे पट्टे पडतात आणि मांजरसुंबा-केज रस्त्यावर माणसांनी, भांड्याकुंड्यांनी, सरपणाने, शेळ्या-कोंबड्यांनी भरलेल्या गाड्या दिसू लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली बीड जिल्ह्यातील माणसे परत येत असतात. नेकनूर आणि भोवतालच्या वाड्यांतील आपल्या वस्त्यांनाही तेव्हाच जाग येते. चार-पाच महिने कुलूप लागलेली घरे उघडतात, सारवण होते, आणि लगेच विषय निघतो तो जयंतीचा.

१४ एप्रिल आणि ऊसतोडीचा हंगाम संपण्याची वेळ यांची अशी गाठ पडली आहे. खेड्यापाड्यात जयंत्या वैशाख संपेपर्यंत चालतात, त्याचेही हे एक कारण आहे. सगळे गाव घरी आल्याशिवाय मिरवणूक काढायची कशी? शिवाय वक्ते, गायनपार्ट्या आणि बँडवाले एकाच दिवशी सगळीकडे कुठून पुरणार! बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात १४ एप्रिल १९२८ रोजी साजरी केली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आज या भागात जयंती नाही असे बौद्धवाड्याचे गाव शोधून सापडायचे नाही.

जयंतीचे पहिले काम वर्गणीचे, आणि गाडे अडते तेही तिथेच. पुष्कळ ठिकाणी गाड्या यायच्या आधीच बैठक होते, आकडा ठरतो, आणि दमून आलेल्या जोडप्याच्या दारात पोरे पावतीपुस्तक घेऊन उभी राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाची उचल किती फिटली आणि किती अंगावर राहिली, हे त्या घरालाच ठाऊक. उचल फिटली नसेल तर पुढच्या हंगामाचे श्रम आताच गहाण पडलेले असतात. अशा घराने लाजेकाजेस्तव उसनवारी करून वर्गणी द्यावी, हे आम्हांला पटत नाही. बैठक सगळे आल्यावर घ्यावी. ज्याला जमेल त्याने पैसे द्यावेत, कुणी पायलीभर ज्वारी द्यावी, कुणी मंडप बांधावा, कुणी स्वयंपाकाला हात लावावा. आणि हिशेब? तो विहाराच्या भिंतीवर चिकटवावा, म्हणजे कुजबुज राहत नाही.

डी.जे.विषयी थोडे बोलले पाहिजे. तरुणांचा उत्साह मोडावा असे कुणालाच वाटत नाही. पण वर्गणीतला मोठा वाटा एका रात्रीच्या आवाजात जातो आणि म्हाताऱ्यांची छाती धडधडते ती वेगळीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. खटले मागे लागतात ते शिकणाऱ्या पोरांच्याच. गायनपार्टी सांगितली तर चार कलावंतांची चूल पेटते आणि आयाबायांनाही पुढे बसून ऐकता येते.

आता जरा मागे जाऊ. जयंतीच्या साधारण साडेतीन आठवडे आधी २० मार्च येतो. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाणी कागदावरच राहिले. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ उचलली. पुढे उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. हा दिवस व्याख्यानाने साजरा करावाच. पण बालाघाटच्या या कोरड्या टापूत त्याला शोभेल असे एक काम आहे. नेकनूरच्या आठवडी बाजाराला भोवतालच्या खेड्यांतून माणसे येतात. तिथे २० मार्चपासून पाणपोई घालावी. चार रांजण, वर कडब्याचे छप्पर, ओले फडके आणि पाणी देणारा एक माणूस. पैसा फार लागत नाही, पाळी मात्र लावावी लागते. पिणाऱ्याची जात विचारू नये. कुणी आपण होऊन विचारलीच, तर महाडची गोष्ट सांगावी.

११ एप्रिल ते १४ एप्रिल, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या जयंतीपासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंतचे चार दिवस विहारात एक टेबल मांडावे, ही आमची दुसरी सूचना. तिथे वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींनी बसावे आणि कागदपत्रे पाहावीत. वर्षातून हीच वेळ अशी, की सारी घरे जाग्यावर असतात. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्याकडील त्या काळचा सरकारी कारभार उर्दूत चाले, म्हणून आजोबांच्या शाळेची नोंद कुठे आहे, नाव कसे लिहिले आहे, हे घरातल्या जाणत्या माणसालाच विचारावे लागते. ती माणसे आहेत तोवर विचारून घ्या.

त्या टेबलावर सगळ्यात आधी नावे लिहावीत ती पोरांची. कोपीवर गेलेले पोर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते आणि परीक्षेच्या तोंडावर गावी परतते. वर्गातल्या पोरांच्या ते मागे पडते, मग त्यालाच शाळेची लाज वाटते. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवण्याची तरतूदही आहे. आईबाप तोडीला गेल्यावर मुले गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली जाहीर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. दहावीनंतर सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. पण यातले काहीही दसऱ्याला गाडीत बसताना आठवून उपयोग नाही. यादी चैत्रात झाली, तर जूनमध्ये शाळेत जाऊन बोलता येते.

माता-भगिनींचा एक दिवस राखून ठेवावा. २७ मे हा रमाईचा स्मृतिदिन; १९३५ साली त्या गेल्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा त्या दिवशी हळदीकुंकवासारखे काही न करता सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंना विहारात बोलवा आणि पुरुषांनी तेवढा वेळ बाहेर पोरे सांभाळावीत. विचारायला संकोच वाटतो असे प्रश्न बायका आपापसांत बसल्यावरच निघतात.

मधे वैशाख पौर्णिमा येते. पहाटे त्रिशरण-पंचशील, खीरदान, संध्याकाळी दिवे. हे घरोघर होतेच, ते सांगायला नको. त्या संध्याकाळी पोरांनी एक-एक पान मोठ्याने वाचावे, चुकले तरी चालेल, एवढे सुचवतो. पाणपोईचे रांजण मात्र मिरवणूक झाली म्हणून लगेच उचलू नयेत. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते बाजारात असू द्यावेत.