इंजिन कोठे मोडले आणि का मोडले?

जूनच्या पहिल्या तारखेपासून दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ससून डॉक आणि भाऊचा धक्का येथली वर्दळ ओसरते, जाळी दुरुस्तीला निघतात आणि होड्यांच्या पोटातली इंजिने उघडली जातात. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, की नाखवा मिस्त्रीच्या मागे लागतो : “मिस्त्री, इंजिन कधी देणार?” त्याचा प्रश्न रास्तच असतो, कर्जाचा हप्ता पावसाळ्यात थांबत नाही. पण त्याआधी विचारायचा एक प्रश्न असतो, आणि घाईत तोच राहून जातो : इंजिन मोडले का? या राहून जाणाऱ्या प्रश्नाविषयीच आज बोलायचे आहे.

लालबाग-परळच्या लोकांना यंत्राची ओळख करून देण्याचे कारण नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पण साच्याचा आवाज बदलला की बिघाड ओळखणारे कान येथल्या घराघरांत होते. म्हणून साध्या डिझेल इंजिनाचे वर्णन करीत न बसता, हवा दाबून भरणाऱ्या, म्हणजे सुपरचार्ज्ड इंजिनाकडेच वळू.

एक किलो डिझेल पुरते जळायला साडेचौदा किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे बारा घनमीटर हवा लागते. चाळीतली दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तीन किलो डिझेल तिच्यातली सगळी हवा संपवील. तेव्हा इंजिनाची ताकद वाढवायची तर नुसते तेल जास्त सोडून भागत नाही. हवाही जास्त द्यावी लागते, नाहीतर ताकदीऐवजी काळा धूर निघतो. ही जादा हवा दोन रीतींनी भरता येते. इंजिनाच्याच शाफ्टवरून एक पंखा चालवायचा, ही एक रीत. वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर चाक फिरवून त्याच्याकरवी हवा दाबायची, ही दुसरी. हिलाच टर्बोचार्जर म्हणतात. या दुसऱ्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियराने १९०५ साली घेतले. १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन जहाजांवर ती वापरली, तेव्हा १,७५० अश्वशक्तीची इंजिने सुमारे २,५०० अश्वशक्ती देऊ लागली.

पण हवा दाबली की तापते आणि तापली की फुगते. म्हणून टर्बोचार्जर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक कूलर बसवतात. होडीवर त्याच्या नळ्यांतून समुद्राचे पाणी खेळते आणि नळ्यांच्या बाहेरून हवा जाते. सिलिंडरकडे जाणारी हवा आणि खारे पाणी यांच्यामध्ये उरतो तो नळीचा पातळ पत्रा. आता आम्ही सांगणार आहोत ती सगळी कथा या पत्र्याची आहे.

एका ट्रॉलरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आमच्याकडे आले होते. पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड मोडला होता. एका कारखान्याने रॉड, पिस्टन, लायनर बदलले, “माल हलका होता” असे निदान केले आणि इंजिन परत दिले. पुढे पाचव्या सिलिंडरचा रॉड मोडला, तोही भर समुद्रात. पिस्टनचे तुकडे झाले आणि इंजिन थांबले. दुसऱ्या होडीने दोर टाकून ओढून आणीपर्यंत खलाशी वाऱ्याच्या हवाली होते. नाखव्याचे म्हणणे एवढेच होते, की या वेळी भारी रॉड टाका.

आम्ही पाना उचलण्याआधी तांडेलाला बोलावले. त्याने सांगितले, की समुद्रात इंजिनाची काही तक्रार नसे. सकाळी धक्क्यावर चालू करताना मात्र कधीकधी ‘ठक्’ असा आवाज होऊन ते अडे. पुन्हा बटण दाबले की चाले, थोडा वेळ पांढरा धूर टाकी आणि मग साफ होई. निम्मे निदान या सांगण्यातच होते. हलक्या मालाचा रॉड भर भाराखाली मोडेल. पण तो रोज सकाळीच ठोका का देईल?

तो ठोका पाण्याचा होता. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. १०० मिलिमीटर व्यासाचा आणि १२० मिलिमीटर धावेचा सिलिंडर घ्या. हवा सोळा पटींनी दाबायची, तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते ती जागा त्रेसष्ट घनसेंटिमीटरच्या आसपास. कटिंग चहाही तीत जेमतेम मावेल! तेवढ्या जागेहून जास्त पाणी शिरले, की पिस्टन अडतो. इकडे शेजारच्या सिलिंडरने पेट घेतलेला असतो, तो क्रँक पुढे ढकलतो आणि मध्ये सापडलेला रॉड वाकतो. तो त्याच दिवशी मोडतो असे नाही. किंचित वाकलेला रॉड फेऱ्यागणिक थकत जातो आणि काही आठवड्यांनी, भर भाराखाली तुटतो. घाव धक्क्यावर बसतो, तो दिसतो समुद्रात.

हे अनुमान झाले; त्याला पुरावा हवा. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ होते, म्हणजे पाणी तेलात गेले होते. मोडलेला पाचवा सोडून उरलेले पाच पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणले आणि डेप्थ गेजने त्यांची उंची मोजली. दोन पिस्टन बाकीच्यांहून खाली राहत होते. फरक मिलिमीटरच्या अंशाचा, पण साफ. म्हणजे आणखी दोन रॉड वाकलेले होते आणि आपल्या पाळीची वाट पाहत होते. नुसता पाचवा बदलून इंजिन दिले असते, तर पुन्हा तोच प्रसंग आला असता.

मग पाणी कोणते, हे ठरवायचे. इंजिनात पाणी दोन असते : आतून फिरणारे गोडे आणि बाहेरून येणारे खारे. गोडे असते तर संशय हेड गॅस्केट किंवा लायनर यांवर गेला असता. जुने मिस्त्री अशा वेळी बोट जिभेला लावून पाहत. पण गोड्या पाण्यात हल्ली विषारी कूलंट असते, म्हणून ती रीत सोडावी. हवेच्या मॅनिफोल्डमधला पांढरा थर खरवडून आम्ही ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवला आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. फाटलेल्या दुधासारखा दाट साका आला. पाणी समुद्राचे होते.

शेवटी कूलर काढला, पाण्याची बाजू बंद करून तीत हवा भरली आणि तो टाकीत बुडवला. एका नळीतून बुडबुडे आले. नळ्यांना गंज लागू नये म्हणून कूलरात जस्ताची एक कांडी असते. नळ्यांऐवजी ती झिजते. येथे कांडी कधीच संपली होती, आणि दुरुस्तीच्या वेळीही कोणी ती उघडून पाहिली नव्हती. समुद्रात भर वेगात हवेचाच दाब जास्त असे, म्हणून पाणी आत येत नसे. रात्री इंजिन थांबले आणि समुद्राचा कॉक उघडा राहिला, की ते थेंबथेंब झिरपे. तांडेलाचे सांगणे आता अक्षरशः जुळले.

कारण सापडल्यावर बांधणी सरळ असते, मात्र सोपी नसते. सहाही रॉड नवे घातले. वाकलेला रॉड सरळ करून वापरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. लायनर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजले. क्रँकशाफ्टला रॉकेल लावून पुसले आणि वर खडूची पूड लावली. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर काळी रेघ काढते. रेघ निघाली नाही. तेलाच्या वाटा तारेने आणि हवेने साफ केल्या. टर्बोचार्जरही उघडला, कारण मोडलेल्या पिस्टनचे कण धुराबरोबर तेथपर्यंत जातात. त्याच्या पात्यांना टोचे पडले होते. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चाकाला एवढा असमतोलही पुरतो, म्हणून तेही बदलले. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले आणि चालू करण्यापूर्वी बेअरिंगपर्यंत तेल पोहोचवले.

नाखव्याला खर्च जड गेला, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून देताना आम्ही त्याला बिनखर्चाचे दोन नियमही दिले. रात्री समुद्राचा कॉक बंद करावा. सकाळी बटणाला हात लावण्यापूर्वी, इंजिनाला तेल तोडून, क्रँक हाताने पुरते दोन फेरे फिरवावा. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेवढ्यात प्रत्येक सिलिंडरची दाबाची पाळी येऊन जाते. हात कोठे अडला, तर जोर लावू नये. तेथेच थांबावे आणि पाणी कोठून आले ते शोधावे.