हिरड्या आजारी असताना दातांना तार लावता येते का?

पुढच्या दोन दातांत पूर्वी नसलेली फट पडते, एखादा दात बाहेर येतो, लांब दिसू लागतो. चाळिशी-पन्नाशीत हे सुरू झाले की लोक दवाखान्यात येऊन थेट तार लावायला सांगतात. खामगावसारख्या तालुक्याच्या गावी अशा रुग्णाला दोन टोकाची उत्तरे ऐकायला मिळतात. कुणी म्हणते, 'या वयात तार कसली, दात काढून कवळी बसवा.' कुणी लगेच तार लावायला सांगते. दोन्हीही उत्तरे घाईची आहेत.

वय हा यात अडथळा नाही. मोठ्या वयात असे सरकलेले दात हे बहुधा पायोरियाचे लक्षण असते. हिरडी आणि दात यांच्यामध्ये कीटण साचते, जंतू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. आधार कमी झाला की जिभेच्या, ओठांच्या आणि चावण्याच्या रोजच्या दाबानेही दात जागा सोडतो. दुखत नसल्यामुळे हे वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. ब्रश करताना रक्त येणे ही पहिली खूण, पण ओढणाऱ्यांमध्ये तंबाखू हे रक्तही दाबून टाकते. मिश्री आणि खर्रा हिरडीला जागच्या जागी इजा करतात, ते वेगळेच.

तारेचे काम दाब देऊन दात सरकवण्याचे. निरोगी हिरडीत एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते. सूज असलेल्या हिरडीत हाच दाब हाडाची झीज वाढवतो. दात सरळ दिसू लागतात आणि हलूही लागतात.

म्हणून आधी हिरड्या. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात, एक्स-रे काढतात, मग स्केलिंग आणि मुळांची सफाई होते. गरज पडल्यास शस्त्रक्रिया. 'दात साफ केले की सैल होतात' हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. प्रत्यक्षात कीटणाचा थर निघतो, सूज उतरते आणि आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात, इतकेच. खोली चार मिलिमीटर किंवा कमी आणि तपासताना रक्त नाही, अशी स्थिती आली की तारेचा विचार करता येतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, आणि तंबाखू सुटायलाच हवी.

हाड भरून काढण्याची शस्त्रक्रिया झाली तर पूर्वी तारेसाठी सहा महिने थांबायला सांगत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत चार आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी तार सुरू केलेल्या रुग्णांत सारखाच फायदा दिसला. थांबण्याचा काळ त्यामुळे कमी होऊ शकतो, पण हा निर्णय तज्ज्ञाचा.

तार कोणती? धातूची असो वा सिरॅमिकची, महत्त्व दाबाला. हाड कमी असल्याने दाब नेहमीपेक्षा हलका लागतो. दाढांवर कडी चढवण्याऐवजी चिकटवलेली नळी, रबराच्या रिंगांऐवजी बारीक स्टीलची तार वापरली तर अन्न कमी अडकते. पारदर्शक अलायनर काढून ब्रश करता येतो, हा मोठा फायदा. मात्र ते दिवसातून सुमारे 22 तास घालावे लागतात आणि बाहेर आलेला दात आत ढकलण्यासारखे काम त्यांना नेहमी जमत नाही. दाढा नसतील तर हाडात छोटा स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात.

खामगावकरांची खरी अडचण फेऱ्यांची आहे. तारेसाठी चार ते सहा आठवड्यांनी, हिरड्यांसाठी साधारण तीन महिन्यांनी तपासणी लागते. शासकीय दंत महाविद्यालये नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी गेली. हिरड्यांची सफाई जवळच्या दंतवैद्याकडे करून, तार लावणाऱ्याशी दोघांच्या तारखा जुळवून घेतल्या तर काही फेऱ्या वाचतात. मात्र तार चालू असताना हिरड्यांची तपासणी चुकवू नये. रक्त पुन्हा येऊ लागले तर तारेचा दाब थांबवावा लागतो.

उपचार संपल्यावर पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवतात. हाड कमी असल्याने हे दात पुन्हा सरकतात; ती तार सुटली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच चिकटवून घ्यावी.