अंगठ्याचे मोल

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात घरोघरी मराठी बोलली जाते. परंतु 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून कचेरीचा कागद हिंदी आणि घरची म्हातारी माणसे मराठी, अशी स्थिती आहे. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरी जवळ आली, पण कागद वाचून दाखविणाऱ्याची गरज संपली नाही. शाळा सुटल्यावर एखादी आजी पदराखालून घडी केलेला कागद काढते व म्हणते, "मास्तरजी, याच्यात का लिवलं आहे, पाहा बरं." दुःख हे की, पुष्कळदा अंगठा दिल्यानंतरच तो कागद आमच्यापुढे येतो.

म्हणून कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणासाठी केंद्राचा 2007 चा कायदा आहे. मुलांनी आईबापांना पोसावे. अपत्य नसल्यास, ज्या नातलगाकडे म्हाताऱ्याची मालमत्ता आहे वा वारशाने जाणार आहे, त्याने पोसावे. अर्ज एसडीएम साहेबांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणात करावयाचा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत, विशेष कारण असल्यास आणखी 30 दिवसांत, निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. अर्जदार अशक्त असेल, तर त्याने अधिकार दिलेली नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते.

दानपत्राची गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्याच राज्यातील छत्तरपूर येथील एका मातेने 2019 साली मुलाला मालमत्ता दान दिली. शेवटपर्यंत सांभाळीन, असे मुलाने निराळे लिहून दिले होते. त्याने सांभाळ केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी ते दान रद्द ठरवून मातेला ताबा देवविला. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे त्याच न्यायालयाने 2022 साली म्हटले होते. तेव्हा संत्र्याची बाग पुतण्याच्या नावे करताना तोंडी शब्दावर विसंबू नये. सांभाळाची अट दानपत्रातच लिहवून घ्यावी.

आता नवा सावकार यंत्रातून येतो. अंगठा उमटला नाही म्हणून पुन्हा ठेवावयास सांगतात. कधी कधी पहिल्या वेळीच पैसे निघालेले असतात. दर वेळी पावती मागावी व पासबुकात नोंद करून घ्यावी. आधारचा अंगठा कुलूपबंद करण्याची सोयही आहे. फोनवर पोलिसाचा वेष दाखवून कोणी 'डिजिटल अटक' झाली म्हणेल, तर फोन ठेवून द्यावा. कायद्यात अशी अटकच नाही. पैसे गेले, तर तत्काळ 1930 वर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे पुढे सरकते. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी 14567 हा क्रमांक आहे.

आमच्या शेजारचे एक चाचा फसले, तेव्हा महिनाभर कोणास बोलले नाहीत. पैशापेक्षा सुनामुलांच्या बोलण्याचे भय त्यांना अधिक होते. त्या महिनाभरात वेळ निघून गेली. घरच्यांनी आधी रागावू नये, आधी ऐकून घ्यावे, हेच वृद्धांचे पहिले संरक्षण होय.

या संस्थेने आजवर वह्या-पुस्तके दिली, आजाऱ्यांना औषध दिले. पुढील वर्षी आठवड्यातून एक तास कागद वाचून दाखविण्यासाठी ठेवावा, ही आमची विनंती. दिवाबत्तीचा खर्च संस्थेचा. वाचणारे आम्ही शिक्षक आहोतच.