भयपटांतील शाप आणि आपली विवेकदृष्टी

शाप, भूतबाधा आणि झपाटलेले वाडे यांच्या चित्रपटांना आज घराघरांत प्रेक्षक आहे. पूर्वी असा चित्रपट पाहण्यासाठी थिएटरात जावे लागे. आता तो पालकांच्या मोबाइलमधून मुलांच्या अंथरुणापर्यंत पोहोचतो. ‘असले काही पाहू नका’ एवढे बजावले की शिक्षकाचे व पालकाचे कर्तव्य संपते, असे आम्हांस वाटत नाही. इतिहासाच्या साधनाला जसे प्रश्न विचारतात, तसे भयपटालाही विचारता येतात. शाप कोणी दिला? कोणत्या कृत्यासाठी दिला? तो भोगतो कोण? आणि त्यातून सुटका कशी होते? या चार प्रश्नांनी चांगला भयपट व वाईट भयपट यांतील भेद स्पष्ट होतो.

नाशिककरांचा या विषयाशी जुना संबंध आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) नंतर त्यांनी आपला कारभार नाशिकला आणला आणि ‘मोहिनी भस्मासुर’ निर्माण केला. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा त्याचे भस्म व्हावे, अशा वराची ती कथा. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत असत. त्यामुळे पडद्यावरचा चमत्कार हा कॅमेऱ्याच्या युक्तीचा भाग आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. कॅमेरा थांबवावा, समोरची वस्तू बदलावी, पुन्हा चालू करावा. पाहणाऱ्याला वस्तू अदृश्य झालेली दिसते. आज हे काम संगणक करतो. भीतीचा मोठा वाटा तर ध्वनीचा असतो. भ्यालेल्या मुलाला तोच प्रसंग आवाज बंद करून दाखवावा; भीती कशी रचलेली आहे, हे त्याचे त्यालाच कळते.

आता कथांकडे वळू. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या हिंदी चित्रपटात एका राजघराण्याला शाप आहे: घराण्यातील स्त्री प्रसूत झाली की मरावी. शाप मिळतो राजाच्या कृत्यामुळे, मरतात मात्र स्त्रिया. आणि शेवटी सैतानावर उपाय ठरतो तो त्रिशूळ. अशा चित्रपटात माणसाच्या विवेकाला काही कामच उरत नाही. दैवी शस्त्र सापडेपर्यंत वाट पाहावी, एवढेच प्रेक्षक शिकतो.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) मात्र निराळ्या वाटेने जातो. कोकणातील एका वाड्याची ही कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत उलगडते. सोने आणि धान्य या दोन्हींचा हव्यास धरणारा हस्तर वाड्याच्या पोटात दडलेला आहे. विनायक हा त्याला कणकेची बाहुली देऊन भुलवतो आणि त्याच्याजवळील सोन्याच्या मोहरा लुटतो. मोहरा संपल्या की पुन्हा खाली उतरतो. पुढे तो आपल्या कोवळ्या मुलालाही हेच शिकवतो. येथे शाप आकाशातून येत नाही. तो बापाकडून मुलाकडे शिकवणीसारखा जातो. अखेरीस शापग्रस्त बाप मोहरा पुढे करतो आणि मुलगा त्या घेत नाही. मंत्र नाही, मांत्रिक नाही. मुलाच्या एका नकाराने साखळी तुटते.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी चित्रपटही असाच डोळस आहे. उसाच्या फडात एकाकी घर, तेथे आलेली गर्भवती स्त्री आणि अवतीभवती वावरणारी मुले. हळूहळू कळते की भय त्या मुलांचे नसून जन्मलेल्या मुली संपविणाऱ्या माणसांचे आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ राहिल्या. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९९४ चा, तरी ही घसरण झाली. त्या आकड्यांपुढे पडद्यावरचे भूत फिके पडते.

‘मुंज्या’ (२०२४) या चित्रपटाने पिंपळावरच्या भुताची जुनी लोकसमजूत पुन्हा घरोघर नेली. मुंज झालेला आणि लग्नापूर्वी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, अशी ती समजूत. आपल्या मुलांना याच वृक्षाची दुसरी ओळखही हवी. सिद्धार्थ गौतमाला संबोधी लाभली ती पिंपळाखालीच. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची फांदी २०२३ साली आपल्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी रोपली गेली. झाड एकच आहे. त्याखाली भीतीने पळावे की शांत बसून कारण शोधावे, हे आपल्या हाती आहे. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण शापाच्या कल्पनेला जागाच ठेवत नाही.

आपल्या समाजाला तर शाप ही गोष्ट केवळ पडद्यापुरती कधीच नव्हती. अस्पृश्यता हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, असे आपल्या पूर्वजांना सांगितले गेले. गुन्हा अज्ञात, शिक्षा पिढीजात आणि न्यायाधीश अदृश्य: शापकथेची हीच रचना असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. जन्माने माथी मारलेले नाकारता येते, हे त्यांनी याच जिल्ह्याच्या भूमीवर सांगितले. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदानाचा त्याग आहे. तो त्याग म्हणजे मृतांच्या भयातून मिळालेली मुक्तीच होय.

तरीही आजारपण आले, नोकरी लांबली, लग्न जमेना की आपल्यातीलही काही घरे पितृदोषाच्या शंकेने ग्रासतात आणि कर्ज काढून विधींचा खर्च करतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी दीर्घकाळ लढा दिला आणि त्यांच्या हत्येनंतर तो अस्तित्वात आला. हे मोल आपण विसरू नये.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. मुले भयपट पाहणारच; त्यांच्याबरोबर बसावे. चित्रपट संपला की ते चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत. शाप कोणी दिला, हे विचारण्याची सवय लागलेले मूल पुढे आयुष्यात कोणाच्याही शापाला भीत नाही.